वकिलीचे शिक्षण : नाव आणि खर्च



ह्या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी मला विषय विचारला. मी म्हटले, "कायद्याच्या महाविद्यालयाची निवड." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, विषय जरा मोठा घेता येणार नाही का?" त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. काल ह्याच व्यासपीठावरून आपण विश्वाच्या उत्पत्तीविषयी ऐकलेत. आज एका मुलीच्या फीविषयी ऐकायचे म्हणजे डोंगरावरून एकदम ओसरीत उतरल्यासारखे वाटायचे. परंतु विश्वाची उत्पत्ती होऊन गेली. तिच्यात आता आपल्याला फेरफार करता येण्यासारखा नाही. फीचा निर्णय मात्र येत्या काही महिन्यांत आपल्यापैकी कितीतरी घरांत व्हायचा आहे, आणि तो चुकला तर पुढली दहा-पंधरा वर्षे ते घर त्या निर्णयाखाली वाकून चालणार आहे. म्हणून मी विषय बदलला नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ साखर कारखान्यात टाइमकीपर आहेत. आपण त्यांना अण्णा म्हणू. एके संध्याकाळी ते आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बारावी झालेली, हुशार, कमी बोलणारी. तिने कायद्याच्या दोन्ही प्रवेशपरीक्षा दिल्या होत्या : एक देशभरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी असते ती 'क्लॅट', आणि दुसरी आपल्या राज्याची सीईटी. पहिलीतून तिला दूरच्या एका राष्ट्रीय विधि विद्यापीठात जागा मिळाली होती. दुसरीत तिचे गुण असे होते, की मोठ्या शहरातल्या एका जुन्या, अनुदानित महाविद्यालयात प्रवेश मिळण्यासारखा होता. परंतु राज्याच्या याद्या लागायला अवकाश होता. विद्यापीठाने मात्र पैसे भरण्याची तारीख घालून दिली होती. एका हातात जागा, दुसऱ्या हातात नुसती आशा, आणि मध्ये चार दिवस, अशा अवस्थेत ती दोघे माझ्यापुढे बसली होती.

अण्णा म्हणाले, "वकीलसाहेब, घर तारण ठेवायची माझी तयारी आहे. पोरीचं नाव झालं पाहिजे." ते बोलून झाल्यावर मुलीने प्रथमच तोंड उघडले. ती म्हणाली, "काका, एवढं कर्ज काढलं तर मला इथे परत येता येईल का?"

माझ्या चाळीस वर्षांच्या वकिलीत मला अनेक प्रश्न विचारले गेले. इतका नेमका प्रश्न फार थोड्यांनी विचारला. तिच्या आजोबांचा वाटणीचा दावा आमच्या कोर्टात बावीस वर्षे चालला. आजोबा गेले, दावा राहिला. लहानपणी ती अण्णांचे बोट धरून तारखेला यायची आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायची. त्या बाकावरच तिने वकील व्हायचे ठरवले होते. तिला मुंबईच्या कचेरीत जायचे नव्हते. तिला त्या बाकावर बसलेल्या माणसांसाठी उभे राहायचे होते. तेव्हा मोठे नाव घ्यावे की थोडा खर्च करावा हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. कोणता खर्च केला असता मी ज्या वाटेने जायचे म्हणते ती वाट मोकळी राहील, असा तिचा प्रश्न होता. आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे ते एवढेच.

आता आधी हिशेब करू. वकील हिशेबाला कच्चे असतात असा समज आहे. तो पक्षकारांच्या अनुभवाशी जुळत नाही. राष्ट्रीय विधि विद्यापीठात शिक्षणशुल्क, वसतिगृह, भोजन मिळून पाच वर्षांचा खर्च आज साधारणपणे पंधरा ते वीस लाखांच्या घरात जातो. कोठे त्याहूनही अधिक. येण्याजाण्याचा व पुस्तकांचा खर्च धरून आम्ही वीस लाख धरले. जुन्या महाविद्यालयाची फी त्या मानाने किरकोळ. परंतु मास्तर स्वस्त असले म्हणून शहर स्वस्त होत नाही. खोली, खानावळ, प्रवास धरून तेथेही वर्षाला एक लाख चाळीस हजार, म्हणजे पाच वर्षांत सात लाख होतात. अनेक पालक येथेच फसतात. ते फीशी फी ताडून पाहतात. ताडायचा तो सगळा खर्च.

अण्णांना पोटाला चिमटा घेऊन महिना आठ-सव्वाआठ हजार बाजूला काढणे शक्य होते. पाच वर्षांत त्याचे पाच लाख होतात. म्हणजे एका वाटेला पंधरा लाखांचे कर्ज, दुसऱ्या वाटेला दोन लाखांचे.

पंधरा लाख म्हणजे पंधरा लाखच, असे आपल्याला वाटते. बँकेला तसे वाटत नाही. शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असताना आणि बहुधा त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. परंतु व्याज त्या काळात झोपलेले नसते. दरसाल तीन लाख उचलले आणि व्याज दहा टक्के, तेही सरळ व्याज, धरले, तर पहिल्या तीन लाखांवर सहा वर्षांचे, दुसऱ्यांवर पाच वर्षांचे, असे करत करत पहिला हप्ता सुरू होण्याआधीच सहा लाख व्याज साचते. पंधराचे एकवीस लाख होतात. ते दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे २७,७५० रुपये. दहा वर्षांत भरणा सुमारे ३३ लाख. ह्याच रीतीने दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ३,७०० रुपये पडतो. दोन वाटांमध्ये महिना चोवीस हजारांचे अंतर आहे, आणि ते एकशेवीस महिने चालायचे आहे.

सवलती आहेत, त्या डोळ्यांआड करू नयेत. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने पी.एम. विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत ठराविक चांगल्या संस्थांमधील प्रवेशासाठी तारणाविना कर्जाची सोय केली आहे, आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळापुरती, तीन टक्के व्याजाची सूट ठेवली आहे. आपल्या राज्यानेही २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या काही प्रवर्गांतील मुलींसाठी व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात पूर्ण सवलत जाहीर केली. आपली मुलगी तीत बसते की नाही, हे शेजाऱ्याला न विचारता महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारावे. परंतु सर्व सवलती धरल्या तरी हिशेबातला आकडा बदलेल, हिशेब बदलणार नाही.

आता ह्या २७,७५० रुपयांशेजारी दुसरे दोन आकडे ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक शिफारस केली : सीनियर वकिलांनी ज्युनिअरला शहरात महिना निदान २०,००० आणि ग्रामीण भागात निदान १५,००० रुपये द्यावेत. ही शिफारस होती, सक्ती नव्हती. आणि आमच्यासारख्या गावात शिफारशींचे काय होते ते मी पुढे सांगणार आहे. म्हणजे ज्युनिअरला जे मिळावे असे वाटते तेच हप्त्याहून कमी आहे. जे मिळते त्याचा तर प्रश्नच नाही.

दुसरे असे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कनिष्ठ न्यायाधीशाच्या पदासाठी परीक्षेला बसण्यापूर्वी उमेदवाराची निदान तीन वर्षांची वकिली झालेली असावी. निर्णयाची कारणे मला पटतात. ज्याने अशील पाहिला नाही त्याने न्यायासनावर बसू नये. परंतु गरीब घरातल्या मुलामुलींना न्यायाधीशाची परीक्षा हाच पगाराचा जवळचा मार्ग होता. त्या मार्गावर आता तीन वर्षांची चढण आली. ही तीन वर्षे तुटपुंज्या प्राप्तीत काढायची आणि त्याच तीन वर्षांत अठ्ठावीस हजारांचा हप्ता भरायचा, हे कोणत्या गणिताने साधायचे? साधत नाही. मग तो मुलगा कोर्टाकडे पाठ फिरवतो आणि जेथे पगार असेल तेथे जातो. बाहेरून आपण म्हणतो, "त्याला वकिलीची आवड नव्हती." आवड होती, हप्ता अधिक होता. कर्जाने त्याच्या वतीने व्यवसाय निवडला.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की हा माणूस मोठ्या संस्थांच्या विरुद्ध वकीलपत्र घेऊन आला आहे. तसे नाही. दुसरी बाजू मांडली नाही तर तो न्याय होणार नाही.

१९८० च्या सुमारास आपल्या देशातील कायद्याचे शिक्षण पुष्कळ ठिकाणी नावापुरते उरले होते. हजेरी मांडली जाई, विद्यार्थी येत नसत. अशा काळात माधव मेनन ह्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरचे नॅशनल लॉ स्कूल उभे राहिले आणि १९८८ मध्ये तेथे पहिली तुकडी बसली. बारावीनंतर सलग पाच वर्षे, तेथेच राहून, कायदा हाच मुख्य उद्योग मानून शिकायचे, ही कल्पना तेथून देशभर पसरली. आपल्या राज्यात आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. ह्या संस्थांनी कायद्याच्या शिक्षणाची पातळी वर नेली, हे मान्य करायला संकोच नको.

तेथल्या नावात खरी किंमत कशाची आहे? माझ्या मते नावाचे तीन भाग असतात. पहिला भाग सोबतीचा. देशभरातून निवडून आलेली शंभर मुले रात्रंदिवस एकत्र राहतात, वाद घालतात, एकमेकांना वाचायला लावतात. हे धन खरे आहे, आणि ते जन्मभर पुरते. दुसरा भाग दाराचा. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म काही थोड्या संस्थांच्या आवारात स्वतः जाऊन मुले निवडतात, आणि पहिल्याच वर्षी पंधरा लाखांहून अधिक पगार देतात. ज्याला त्या दारातून आत जायचे आहे आणि ज्याला ते उघडण्याचा चांगला संभव आहे, त्याच्यासाठी वर्षाला सव्वातीन लाखांचा हप्ता हा काही डोंगर नव्हे. तशा मुलाला मी म्हणेन, बाबा, कर्ज काढ आणि जा; भीतीपोटी घरी बसू नकोस. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण चांगली. परंतु अंथरूण कधीच वाढत नाही असे ती सांगत नाही.

नावाचा तिसरा भाग शोभेचा. मुलगा अमुक ठिकाणी शिकतो हे लग्नाकार्यात सांगता यावे, ह्यासाठीही आपण पैसे मोजतो. हा भाग कोणत्याही कोर्टात उपयोगी पडत नाही, आणि गंमत अशी की बहुधा ह्याच भागाची किंमत आपण सर्वांत जास्त देतो.

आता हे नाव किती दिवस टिकते? अधिवक्ता अधिनियम १९६१ चा. त्याखाली सनद देताना मान्यताप्राप्त महाविद्यालयांत उच्चनीच केले जात नाही. सनदेनंतरची अखिल भारतीय बार परीक्षाही सर्वांना एकच. सनद घेताना राज्यांच्या बार कौन्सिली कोठे कोठे हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्यात लिहिले आहे त्याहून, म्हणजे ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून अधिक घेता येणार नाही. उंबरठा असा सर्वांना सारखाच आहे. त्याच्या आत गेल्यावर काय होते? आमच्या जिल्हा न्यायालयात कोणत्याही न्यायाधीशाने मला "आपण कोठे शिकलात?" असे आजवर विचारलेले नाही. पुरावा कोठे आहे, एवढेच विचारतात. आणि पक्षकार विचारतो, "साहेब, तारखेला स्वतः येणार ना?" नोकरीच्या जगात पहिली चार-पाच वर्षे महाविद्यालयाचे नाव पुढे चालते, नंतर माणसाचे नाव पुढे येते. संस्थेचे नाव हे उसने नाव आहे. ते पाच वर्षे पुरते. हप्ता दहा वर्षे चालतो.

अशा वेळी थोरांची उदाहरणे देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश पुण्याच्या लॉ कॉलेजचे विद्यार्थी. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाणही तेथलेच. मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय १८५५ पासून चालत आले आहे आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी न्यायालये भरून गेली आहेत. परंतु ही उदाहरणे मी पुरावा म्हणून दाखल करणार नाही. भिंतीवरच्या फलकावर ज्यांची नावे लागली तेवढेच आपल्याला दिसतात. त्यांच्या शेजारच्या बाकावरचे शंभर जण कोठे गेले, ह्याची नोंद फलकावर नसते. जुन्या महाविद्यालयात शिकून माणूस मोठा होऊ शकतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. होतोच, असे नव्हे.

एका उदाहरणाजवळ मात्र थोडे थांबावेसे वाटते, कारण त्यात नाव आणि खर्च ह्या दोहोंचा हिशेब आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती फुकटची नव्हती. परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार तिच्यामागे होता. मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे सोडून त्यांना परतावे लागले. पुढे त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना ह्यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन परतल्यावरही वकिलीचा जम लगेच बसला नाही. अस्पृश्यतेच्या भिंती उच्च न्यायालयाच्या आवारातही होत्या. १९२५ पासून काही वर्षे ते बाटलीबॉय ह्यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावीत होते. आणि १९३५ साली तेच मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

ह्यातून काय घ्यायचे? कर्ज काढून मोठ्या संस्थेत जावे, की जाऊ नये? दोन्ही घेऊ नयेत. घ्यायचे ते असे, की आपण काय मिळवायला जात आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. मदतीला चिकटून येणाऱ्या अटी त्यांना ठाऊक होत्या. आणि जगातल्या मोठमोठ्या संस्थांची नावे पाठीशी असूनही पहिली वर्षे कोरडी जातील, हे धरून त्यांनी दुसऱ्या मिळकतीची तजवीज केली. नावावर विसंबून ते राहिले नाहीत.

म्हणून त्या संध्याकाळी मी अण्णांना निर्णय दिला नाही. वकिलाने सल्ला द्यावा, निकाल देऊ नये. मी मुलीला चार प्रश्न लिहून दिले. तेच आपल्यापुढे ठेवतो.

पहिला : शिकून कोठे उभे राहायचे आहे? मोठ्या फर्ममध्ये, उच्च न्यायालयात, न्यायासनावर, की आपल्या तालुक्यात? अठराव्या वर्षी हे पक्के ठरत नाही, हे मला कळते. परंतु जे ठरलेले नाही ते बदलायला मोकळीक लागते, आणि कर्ज जितके थोडे तितकी ती मोकळीक अधिक.

दुसरा : त्या संस्थेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांचे काय झाले? संस्था सर्वांत मोठा पगार छापतात. तो विचारू नका. सरासरीही विचारू नका. दहांतल्या एकाला वीस लाख आणि नऊ जणांना तीन तीन लाख मिळाले तर सरासरी चार लाख सत्तर हजार येते, आणि तेवढा पगार कोणालाच नसतो. ओळीत मधोमध उभ्या असलेल्या मुलाला काय मिळाले, आणि किती जण ओळीत उभेच राहिले नाहीत, हे विचारा. केंद्र सरकारच्या क्रमवारीत २०१८ पासून विधिसंस्थांचा स्वतंत्र वर्ग आहे. तीत भाग घेणाऱ्या संस्था असे मधले आकडे देतात. ते वाचता येतात. शिवाय सगळीच राष्ट्रीय विद्यापीठे बंगळूर नव्हेत. पाटीवर 'राष्ट्रीय' शब्द असला म्हणून दार तेवढेच उघडते असे नाही. फी मात्र बहुधा तेवढीच असते.

तिसरा : हप्ता कोण भरणार? "बघू पुढे" हे उत्तर धरू नये. पहिली तीन वर्षे मिळकत नसेल असे धरून, त्या काळात हप्ता कोणाच्या पगारातून जाणार, आणि धाकट्या भावाच्या शिक्षणाचे काय होणार, हे कागदावर मांडावे. घर तारण ठेवायचे असेल तर घरातल्या बाईला आधी विचारावे. अण्णांनी विचारले नव्हते.

चौथा : स्वस्त जागी जे मिळणार नाही ते मी स्वतः कसे मिळवणार? हा प्रश्न फार जण विसरतात. जुन्या महाविद्यालयात कोणी हात धरून ग्रंथालयात नेत नाही. तेथे आळशी मुलगा पाच वर्षे सुखाने झोपू शकतो. परंतु शहरात न्यायालय जवळ असते. वर्ग संपले की सीनियरच्या कचेरीत जाता येते, खटले ऐकता येतात, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत उतरता येते. जे विद्यापीठ घरपोच देते ते येथे चालत जाऊन आणावे लागते. चालण्याची तयारी नसेल तर स्वस्त जागाही महागच पडते.

आणखी एक वाट आहे, तिचा उल्लेख करून पुढे जातो. गावातच, घरी राहून पदवी घ्यावी आणि मग तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करावा. वर्षे थोडी अधिक लागतात. सनद तीच मिळते. माझी वाट तीच होती. मात्र जेथे जायचे त्या महाविद्यालयाला बार कौन्सिलची मान्यता आहे ना, हे आधी पाहावे. ती नसेल तर स्वस्त आणि महाग हा वादच उरत नाही.

आता मघाशी राखून ठेवलेले सांगतो. मुलगी प्रश्नांचा कागद घडी घालून घेत होती. उठता उठता तिने मला विचारले, "काका, तुमच्या ज्युनिअरना तुम्ही किती देता?" प्रश्न सरळ होता, कुचेष्टेचा नव्हता. तिला आपला हिशेब पुरा करायचा होता. मी गप्प राहिलो. माझ्याकडे आजवर नऊ ज्युनिअर झाले. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि वर्षभर आशीर्वाद, ह्याखेरीज पहिल्या पाचांना मी काही दिले नाही. पुढच्यांना जाण्यायेण्याचा खर्च दिला आणि त्याला मी औदार्य समजत होतो. माझ्या सीनियरांनी मला काही दिले नव्हते, म्हणून मीही दिले नाही. ह्यालाच आम्ही परंपरा म्हणतो.

म्हणजे पाहा, कर्जबाजारी मुले तालुक्याच्या कोर्टात परत येत नाहीत अशी तक्रार करणारे आम्हीच, आणि ती येऊ नयेत अशी व्यवस्था करणारेही आम्हीच. आमच्या बार रूमच्या दारावर एक पाटी आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. तीवर लिहिले आहे : ज्याच्या घरी खायला आहे त्यानेच आत यावे. महाविद्यालयांच्या फीविरुद्ध बोलायचा अधिकार आम्हांला ती पाटी काढल्यावरच येईल. गेल्या दिवाळीपासून मी माझ्या ज्युनिअरला शिफारशीतले पंधरा हजार देऊ लागलो आहे. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. चाळीस वर्षांच्या थकबाकीचा तो पहिला हप्ता आहे. ह्या सभागृहात माझे व्यवसायबंधू बरेच दिसतात. त्यांच्यापुढे मी तोच ठराव मांडतो. आणि नागरिकांना विनंती करतो, की ज्या गावाला व्याख्यानमाला चालवता येते त्या गावाला दरसाल एका होतकरू मुलाला बिनव्याजी पैसे देणेही जमावे. तसे झाले तर पुढल्या मुलीला नाव आणि घर ह्यांतून एक निवडण्याची वेळ येणार नाही.

त्या मुलीचे काय झाले, हे आपण विचाराल. चौथ्या दिवशी अण्णांनी विद्यापीठाचे पैसे भरले नाहीत. पुढले दोन महिने त्या घरात कोणाला धड झोप लागली नाही. राज्याच्या यादीत नाव लागले तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला. आज ती जुन्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. परवा भेटली होती. तिची एक मैत्रीण त्याच विद्यापीठात गेली आहे. तेथले ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे असते, असे तिने सांगितले, आणि सांगताना तिचा आवाज जरा खाली गेला. "काका, माझं चुकलं तर नाही ना?" असे तिने विचारले. मी तिला खोटा धीर दिला नाही. म्हटले, "बाई, ह्या दाव्याचा निकाल दहा वर्षांनी लागतो. पण तुझ्या घरावर बोजा नाही, आणि परतीची वाट मोकळी आहे. एवढे आज माझ्यासमोर सिद्ध झाले आहे." त्यावर ती हसली आणि म्हणाली, "मग मी परत येईन तेव्हा पंधरा हजार ठरलेले आहेत ना?"

मी होय म्हटले आहे. आपण सर्व त्याला साक्षी आहात.